घरी नसलेले अठ्ठ्याहत्तर

“ज्याच्या हाती लोकसंख्येचा आलेख, त्याच्या हाती राष्ट्राचं भवितव्य!” गुरुदत्त देशकरनं कॅनडात, व्हिटबीतल्या आपल्या बेसमेंटमधून जाहीर केलं.

“त्याच हातात आता फावडं घे,” जिन्यावरून त्याची बायको नीरजा म्हणाली. “गाडी बाहेर निघत नाहीये.”

ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून, नाक लाल करून घेऊन गुरुदत्त पुन्हा राष्ट्राकडे वळला. राष्ट्राचं नाव कोरेला. चार बेटांचं, नकाशावर माशी बसली तर अख्खं झाकलं जाणारं. तिथल्या सरकारनं त्याच्या कंपनीला विचारलं होतं, की आमची माणसं किती, पुढे किती उरतील आणि त्यावरून कुठे काय चालू ठेवावं? सगळ्यांत धाकट्या लुसा बेटावर रोज एक बोट जायची. वस्ती पाचशेच्या खाली गेली, की बोट आठवड्यातून एकदा, असा नियम. डॉक्टरही त्याच बोटीनं यायचा.

जनगणनेप्रमाणे लुसावर माणसं ५४१. गुरुदत्तनं देश सोडून गेलेल्यांची यादी शेजारी लावून पाहिली, तर ७८ नावं दोन्हीकडे. म्हणजे वस्ती ४६३.

त्यानं तिथल्या जनगणना अधिकारी एल्माबाईंना फोन लावला.

“मॅडम, ही अठ्ठ्याहत्तर माणसं बेटावर नाहीत. मोजली कोणी?”

“मीच. दारोदार फिरून.”

“आणि तुम्हाला सांगितली कोणी?”

“त्यांच्या आयांनी. घरात किती, विचारलं की बाई म्हणायची, पाच. मला दिसायची दोन. बाकीची कुठायत म्हटलं, की आतली खोली उघडून दाखवायची. पलंग घातलेला, चादर धुतलेली. मग मी पाच लिहायचे.”

“हे नियमात बसत नाही.”

“नाहीच बसत. शुक्रवारी तुम्हाला पाठवायचं ते पाठवा. रोजची बोट बंद झाली तर आजाऱ्यांनी मंगळवारच्या बोटीची वाट पाहायची, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला आईशी नेहमीचा फोन.

“जनगणनेवाली आली होती रे. गोड पोरगी. चहा घेऊन गेली.”

“किती माणसं सांगितलीस?”

“चार.”

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आई एकटी.

“चार कोण, आई?”

“मी, तू, नीरजा, तुमची ऊर्मी. का रे?”

“अगं, आम्ही अकरा वर्षं इकडे आहोत.”

“दिवाळीला येतो म्हणाला होतास ना?”

“ते दोन हजार सहाला!”

“साल कुठे सांगितलं होतंस?”

एका अख्ख्या राष्ट्राचा आकडा दुरुस्त करणाऱ्या माणसाला चाराचा एक करता येईना. “बरं,” तो म्हणाला, आणि बीपीची गोळी घेतलीस का ते विचारलं.

शुक्रवारी त्यानं ४६३च पाठवले. खोटा आकडा त्याच्या हातून जाणं शक्य नव्हतं. खाली मात्र आजवरच्या नोकरीत कधी लिहिली नव्हती अशी तळटीप लिहिली: ‘आणखी ७८ माणसांची त्यांच्या घरी वाट पाहिली जाते. बोटीबद्दल ठरवताना हे लक्षात घ्यावं.’ अहवाल छापताना तळटीप गळली. त्या पानावर जागा नव्हती म्हणे. मार्चच्या मध्यापासून बोट फक्त मंगळवारी जाऊ लागली.

त्याच आठवड्यात एल्माबाईंची मेल आली. शिव्याच असणार, अशा तयारीनं गुरुदत्तनं ती उभ्याउभ्या उघडली.

‘आकडा बरोबर होता. माझी तक्रार नाही. तुमच्या यादीतला एकतिसावा माझा मुलगा. मीही त्याला घरातच मोजला होता. तो तुमच्या जवळच, स्कारबरोत असतो. बर्फाचे बूट घेतले असं फोनवर सांगतो, पण त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. तुमच्या इकडे अजून बर्फ आहे, असं बातम्यांत पाहिलं. तुम्ही प्रत्येक गोष्ट तपासून घेता. एकदा जाऊन त्याच्या पायांत काय आहे, ते तेवढं पाहून याल का?’