तिच्या नावावरचं रक्त

वहिनीने कारखान्यातून आलेला बंद लिफाफा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर सरकवला. निकाल उघडण्याआधीच पास झाल्यासारखा तिचा चेहरा होता. शेजारच्या खुर्चीत नुकतीच अठरा ओलांडलेली नणंद.

"तिसऱ्या वेळीही तेच," सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इंजेक्शनं हाका मारताहेत, अंडाशय ओ देत नाही. एकही बीज वाढलेलं नाही. बॅटरीच्या कारखान्यात असता ना? रक्तात शिसं साठलं की असं होऊ शकतं."

"माझ्यात नाही साठलेलं. बघा की, आहे आत लिहिलेलं."

"आमची वहिनी लोखंडाची आहे," नणंद म्हणाली. "तिला काय शिसं लागतंय!"

कारखान्याचा नियम सरळ होता. रक्तात शिसं चढलं की शिशाच्या प्लेटा ओतायच्या कामावरून पॅकिंगला बदली, आणि पॅकिंगला जोखीमभत्ता नाही. इंजेक्शनं त्या भत्त्यावर चालली होती. मूल हवं म्हणून इंजेक्शन, इंजेक्शन हवं म्हणून शिसं, व्यवहार चोख. तेव्हा तपासणीच्या दिवशी टोपी, मास्क आणि वहिनीचा बिल्ला लावून नणंद रांगेत उभी राहिली. नर्सने बिल्ल्यावरचा नंबर पाहिला. चेहरा पाहायची तिला गरज नव्हती. नणंदेने कारखाना आयुष्यात पाहिला तो तेवढाच, दहा मिनिटं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"चांगलंच चढलंय की."

वहिनीची नजर कागदावर गेलीच नाही. ती नणंदेच्या दंडावर जाऊन थांबली.

"चूक असेल," ती म्हणाली. "भट्टीजवळ न जाणाऱ्यालाही चढतं का कधी?"

"चढतं. धूळ कपड्यांतून घरी येते. कामाचे कपडे घरीच धुता?"

"मी धुते," नणंद पटकन म्हणाली. "आधी झटकून घेते चांगले. वहिनी दमून येते ना."



"इंजेक्शनं आता बंद. कारखान्याला पत्र देते, आणि हे रक्त लगेच पुन्हा तपासू," डॉक्टरीणबाईंनी कोरा फॉर्म ओढला. "वय सांगा."

चौतीस. सहा वर्षं वेगवेगळ्या दवाखान्यांत, दरवर्षी एक मिळवून, हा आकडा वहिनी हळू आवाजात सांगत आली होती. नणंदेने टेबलाखालून तिचा पदर ओढला.

"एकोणीस," वहिनी मोठ्याने म्हणाली.