गुलाबी गारगोटीची पांढरी धूळ

मित्रांनो, मी एक जुनी गुलाबी गारगोटी आहे. गुलाबी म्हणून मऊ समजू नका हं! काचेवर ओरखडा काढीन, एवढी मी कठीण. जमिनीच्या पोटात वितळलेला खडक सावकाश निवत गेला, तेव्हा माझा जन्म झाला. तिथे कुणालाच घाई नव्हती.

घाई होती ती बडोद्यात. नव्वदीनंतरची ती वर्षं. नोकरीचा कारखाना बंद पडला, म्हणून वासणा भागातल्या धनाजीरावांनी घराच्या ओट्यावर दगड घासायचं यंत्र बसवलं. माझ्या मण्यांना परदेशात भारी मागणी होती. मांडवी बाजारातले व्यापारी मला उजेडात धरून 'केटलुं सरस!', म्हणजे किती सुंदर, असं म्हणायचे आणि मी फुगून जायचे. माझा एक लोलक धनाजीरावांनी हौसेने स्वतःच्या गळ्यात घातला. तो लोलक म्हणजेच मी.

"अहो, घासताना पाणी सोडा की थोडं," त्यांची बायको मंदा म्हणायची.

"पाण्याने सगळा चिखल होतो गं. काम रखडतं."

मग काय, धूळच धूळ! माझा रंग तिच्यात उतरत नाही, ती पिठासारखी पांढरी पडते. मंदाला ती फेकवेना. "एवढी छान रांगोळी कुणी टाकून देतं का?" म्हणत ती धूळ फडक्यातून गाळून डबे भरायची. दिवाळीत त्यांची लेक शर्वरी वाकून रांगोळी घालायची आणि जास्त पडली की फुंकर मारायची. धूळ उडून तिच्याच नाकातोंडात जायची.

धनाजीरावांच्या छातीतली घरघर मला सगळ्यांच्या आधी ऐकू आली. मग खोकला सुरू झाला. क्षयाची औषधं झाली, पण गुण येईना. शेवटी एका डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून विचारलं, "काम काय करता?" उत्तर ऐकून त्यांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाले, "हा क्षय नाही. दगडाची धूळ आहे. आत गेलेली आता निघायची नाही."

दोघं नवराबायको घरी आले, तर शर्वरी दारात बसून डब्यातली धूळ गाळत होती. नाकातोंडावर पांढरं पुट चढलेलं.

"आई, बघ ना, यंदा कित्ती बारीक पडलीय!"

मंदाने बादली उचलून सगळ्यावर पाणी ओतलं.

"आई! माझी रांगोळी!" शर्वरी रडली, आणि रडता रडता खोकली.

"थंडीचा असेल," धनाजीराव म्हणाले. मंदा पदराने तिचं तोंड पुसत राहिली.

मित्रांनो, मला घडवा, मिरवा, माझी ना नाही. पण मला कोरडं घासू नका. माझी धूळ घरात साठवू नका, लेकरांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

धनाजीराव आता नाहीत. बाबांची आठवण म्हणून लोलक शर्वरीने गळ्यात घातलाय. तिच्या छातीशी मी कान लावून असते. अजून तरी काही ऐकू येत नाही.