पहिल्या रांगेतून रस्त्यावर

हो, मीच बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय? आत्ता ज्याच्यावर हुश्श करून टेकलात आणि शेजारची जागा पिशवी ठेवून अडवलीत, तोच मी. बसथांब्यावरचा बाक. बस यायला अजून अवकाश आहे, तोवर माझं ऐकून घ्या. माझ्या पायातल्या साखळीकडे आणि कुलपाकडे असं संशयानं बघू नका. मी काही चोर नाही. त्या कुलपाचंच तर सगळं रामायण आहे.

तुम्हाला वाटलं असेल, नगरपालिकेनं बसवलाय. छे हो! मागे ते छोटं चर्च दिसतंय ना, मी तिथला. अस्सल सागवानी. वेदीच्या समोरचा, पहिल्या रांगेतला, मानाचा. मला घडवणारे सुतार तिथंच उपासनेला येणाऱ्या मंडळीतले. त्यांनी माझी पाठ जरा मागे कललेली ठेवली, तर चर्चचे पंच कुरकुरले, "अशानं उपदेशात लोक झोपतील." सुतार रंधा थांबवून म्हणाले, "दमलेल्या माणसाला डुलकी लागली तर देव रागवायचा नाही. तुम्ही कशाला रागावता?" असा माझा जन्म.

पण मान मिळाला आणि माणसं गेली. माणसांची ही खोड मला आजवर उलगडलेली नाही. बसमध्ये खिडकीसाठी भांडतील, लग्नात पुढच्या खुर्च्या पकडतील, पण चर्चमध्ये पाऊल टाकलं की सगळे मागच्या रांगेकडे धावतात. पुढे बसलं तर देव नाव विचारील अशी भीती वाटते की काय, कोण जाणे! पहिला बाक कायम रिकामा. कोणी चुकून बसलंच, तर तो हमखास पाहुणा.

माझ्याजवळ नेमानं येणारा माणूस एकच. घंटाकाका. त्या सुतारांचा मुलगा. दाराशी दोर ओढून घंटा वाजवणं हे त्यांचं काम आणि त्यांचा अभिमानही. ताप असो, पाय मुरगळलेला असो, घंटा कधी चुकली नाही. दर शनिवारी ते ओलं फडकं घेऊन मला कोपऱ्याकोपऱ्यातून पुसायचे. बसायचे मात्र मागे, दोरापाशी. माझ्यावर कधीच नाही. बापाच्या हातची वस्तू झिजेल म्हणून.

आणि इकडे मंडळीच झिजत चालली. तरणी पोरं नोकरीसाठी लांब गेली, म्हातारी एकेक करून मातीआड झाली. नवे पाळक आले तेव्हा त्यांचा उपदेश ऐकायला माणसांपेक्षा आम्ही बाकच जास्त. मग एक दिवस शहरातल्या मोठ्या चर्चचे चिटणीस आले. त्यांनी खांबावर बोट फिरवलं, धूळ बघितली आणि म्हणाले, "वर्षाअखेर इथं कुलूप लावू. उरलेल्यांनी आमच्याकडे यावं. जागा भरपूर आहे."

पाळक बिचारे मवाळ. त्यांचा चेहरा पडला. पण त्यांची बायको, पाळकीणबाई! बाई दिसायला किरकोळ, आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "कुलूप आणलंय बरोबर?"

"आज नाही आणलं."

"मग वर्षाअखेर या. घेऊन या आणि परतही घेऊन जा."

चिटणीस गेल्यावर बाईंनी माझ्यासमोर गुडघे टेकले, माझ्यावर दोन्ही कोपरं रोवली आणि देवाशी भांडल्यासारखी प्रार्थना केली. "प्रभू, माणसं दे. आणि ती इतक्यात द्यायची नसतील, तर मला निदान अक्कल दे. पण हे दार मी बंद होऊ देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." खरं सांगतो, माझ्या फळ्यांना कापरं भरलं. असं ठामपणे देवाला कोणी बजावलेलं मी ऐकलं नव्हतं.

नवराबायको कामाला लागले. गल्लोगल्ली फिरले, पत्रकं वाटली, घरोघरी दारं वाजवली. लोक हसून पत्रक घ्यायचे आणि दुकानदार त्यात खिळे बांधून द्यायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

मग एका रविवारी पाळकांचा उपदेश ऐन रंगात आला असताना बाईंची नजर उघड्या दारातून बाहेर गेली. समोर हा थांबा. पलीकडे मोठं सरकारी हॉस्पिटल. पेशंटांची माणसं उन्हात ताटकळत उभी, एक म्हातारी तर चप्पल खाली घेऊन रस्त्याच्या कडेलाच बसलेली. बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि उपदेश चालू असतानाच मोठ्यानं म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

पाळक थबकले. "अगं, हे कुठल्या अध्यायात आहे?"

"अध्यायात नाही, दारात आहे. तुमचं चालू द्या."

उपासना संपताच त्यांनी जाहीर केलं, "पहिला बाक बाहेर न्यायचा. थांब्यावर."

घंटाकाका उसळले. "बाई, माझ्या बापानं घडवलाय तो! देवाच्या घरातला बाक रस्त्यावर टाकणार? कुत्रं बसेल त्याच्यावर!"

"काका, निदान कोणीतरी बसेल!"

"माझ्या बायकोची शवपेटी शेवटची ह्याच्यासमोर ठेवली होती," काका माझ्यावर तळहात टेकून म्हणाले.

बाई एकदम मऊ झाल्या. "माहीत आहे काका. त्या दिवशी तुम्ही कुठं बसला होता?"

"बसलो कुठं? दोर धरून उभा होतो."

शेवटी काका पुटपुटले, "न्या. पण ते कुलूपवाले येतील त्या दिवशी हा आपल्या जागी पाहिजे. पुढची रांग ओस दिसली, तर आपणच हरलो म्हटल्यासारखं होईल."

"कबूल," बाई म्हणाल्या.

मला विचारलं का कोणी? मुळीच नाही! मी दारात मुद्दाम आडवा झालो, चौकटीत पाय अडकवला. त्यात पायाचा टवका उडाला आणि मी रस्त्यावर आलोच. ऊन, धूळ, हॉर्न. मानाच्या जागेवरून ही गत! मी रागानं धुमसत होतो.

त्यात पाळकांनी घोळ घातला. कोणी टेकलं रे टेकलं की ते हसतमुखानं पुढे यायचे, "नमस्कार! आपल्याला मनःशांती हवी आहे का?" माणूस दचकून उठायचा आणि लांब विजेच्या खांबाला टेकून उभा राहायचा. सगळा थांबा उभा आणि मी रिकामा. आतही रिकामा, बाहेरही रिकामा! शेवटी बाईंनी नवऱ्याला बाजूला घेतलं.

"अहो, बसलेल्याला आधी बसू द्या की! पाणी द्या. काही बोलला तर ऐका. नाही बोलला तर तुम्हीही बसा."

"आणि सुवार्ता? देवाची चांगली बातमी कधी सांगायची?"

"तहानलेल्याच्या हातात पेला देणं ही काय वाईट बातमी आहे?"

पाळकांनी कानाला खडा लावला. मग माझ्याशेजारी पाण्याचं पिंप आलं. चर्चचं दार दिवसभर सताड उघडं राहू लागलं. आत पंखा, मागे नळ आणि संडास. पेशंटांच्या माणसांनी पिशव्या ठेवाव्यात, जमिनीवर जरा पाठ टेकावी. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना तर नवंच बळ आलं. त्या आळीपाळीनं वॉर्डात जाऊन बसायच्या, म्हणजे पेशंटच्या बायकोला अंघोळ करून यायला सवड मिळायची. गुडघे धरून चालणाऱ्या ह्या बाया, पण हॉस्पिटलच्या जिन्यावर त्यांची घाई बघावी!

आधी पेला परत द्यायला म्हणून बसचा कंडक्टर आत गेला. गाणं चालू होतं, म्हणून दाराशी थांबला. पुढच्या रविवारी पेल्याचं निमित्तही लागलं नाही. बरी होऊन घरी गेलेली माणसं परत येऊ लागली, कोणी मुलांना घेऊन, कोणी शेजाऱ्याला. ज्यांचं माणूस वाचलं नाही, तीही काही आली. बसली मात्र सगळी मागच्या रांगेपासून, ती खोड काही जात नाही.

आणि मी? खोटं कशाला बोलू, माझा राग कधी उतरला ते मलाच कळलं नाही. एवढी वर्षं मी मान सांभाळला होता. आता माणसं सांभाळत होतो. काका अजून शनिवारी फडकं घेऊन यायचे, फुगलेल्या तोंडानं मला पुसायचे आणि बसलेल्यांना दटावायचे, "पाय वर घेऊ नका, सागवान आहे!" पण बसत नव्हते.

शेवटी तो रविवार उजाडला. चिटणीस दोन पंचांना घेऊन येणार होते. ठरल्याप्रमाणे काका आणि कंडक्टर मला उचलायला सकाळी बाहेर आले.

माझ्यावर एक बाई बसली होती. नुकतीच हॉस्पिटलमधून आलेली. मांडीवर घडी केलेला पुरुषाचा सदरा, शेजारी पुरुषाच्या चपलांचा जोड, नीट जुळवून ठेवलेला. तिला बघून काका जागीच थांबले.

कंडक्टर हळूच म्हणाला, "काका, ते येतीलच आता. उठायला सांगू का त्यांना?"

"गप. तू आत जा."

आणि काका बसले. माझ्यावर! आयुष्यात पहिल्यांदा. इतकी वर्षं मी त्यांचं फडकं ओळखत होतो, त्यांचं वजन त्या दिवशी कळलं. किती थकलेला माणूस होता तो!

"भाऊ गाडी घेऊन येतोय," ती बाई म्हणाली. "वेळ लागेल म्हणाला."

"लागू दे."

"तुमचं काही काम असेल."

"काम होत राहील. माझी बायको गेली तेव्हा मी आत दोर धरून उभा होतो. कोणी बस म्हटलं नाही. म्हणजे मीच कोणाला जवळ येऊ दिलं नाही. फार पाय दुखले हो त्या दिवशी."

मग ती रडली. मोठ्यानं, लाज न धरता. काका नुसते बसून राहिले.

घंटेची वेळ आली आणि टळून गेली. आत कुजबुज सुरू झाली. जी घंटा तापातही चुकली नाही, ती आज गप्प होती. तरातरा पाळकीणबाई बाहेर आल्या, त्यांच्यामागून चिटणीस. बाईंनी आम्हाला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. चिटणीस कसले ऐकतात!

"पहिली रांग मोकळी, घंटेचा पत्ता नाही. ही काय शिस्त झाली?"

काका उठले नाहीत. बसूनच म्हणाले, "साहेब, घंटा कशासाठी वाजवतात? माणसांनी यावं म्हणून. हे माणूस घंटेआधीच आलंय. आधी त्याच्यापाशी बसतो, मग दोर ओढतो."

चिटणिसांनी मागे वळून दारातून आत बघितलं. आत जावं तर मागच्या रांगा गच्च भरलेल्या. बाहेर ऊन चढलेलं. तेवढ्यात त्या बाईनं डोळे पुसले, शेजारच्या चपला उचलून मांडीवरच्या सदऱ्यावर ठेवल्या आणि सरकली. "बसा," ती म्हणाली.

चिटणीस बसले. बसताना त्यांच्या खिशातलं कुलूप माझ्या फळीवर खाडकन आपटलं. त्यांनी त्या चपलांकडे बघितलं आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "कोण होतं तुमचं?"

ती सांगत राहिली आणि ते ऐकत राहिले. भाऊ आला, तिला घेऊन गेला. मग काका उठले आणि घंटा वाजली. उशिरा वाजली, पण अशी दणक्यात वाजली की खांबावरची पाखरं उडाली.

उपासना संपल्यावर चिटणिसांनी कुलूप काकांच्या हातात दिलं. "घ्या. इथल्या दाराला काही हे लागायचं नाही. दुसऱ्या कशाला तरी वापरा."

काकांनी साखळी आणून मला थांब्याच्या ह्या खांबाला बांधलं आणि कुलूप घातलं. "आता कोणी उचलून आत नेतो म्हणेल तर बघतो," म्हणाले. तर असं आहे हे कुलूप. चर्च बंद करायला आलं होतं, माझ्या पायात अडकलं.

मोठ्या चर्चनं माझ्या जागी नवा बाक पाठवला. गुळगुळीत, चकचकीत. आणि अर्थातच त्यावर कोणी बसेना. पाळकीणबाईंचा त्याच्यावर डोळा होताच, समोरच्या थांब्यासाठी. पण एका रविवारी ती चपला जुळवून ठेवणारी बाई परत आली आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिथं कोणी बसत नसतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं! तिच्या शेजारी जाऊन कोण बसलं असेल? घंटाकाका. मग पाळकीणबाईंनी तो नाद सोडला आणि दुसऱ्या रांगेतला उचलून पलीकडे नेला. तो बघा, रस्त्यापलीकडे. नवखा आहे, अजून धुमसतोय. होईल सवय.

माझं आता वय झालं. फळीला भेग गेलीय, पाठीवर कोणी कोणी नावं कोरलीत, टवका उडालेला पाय पावसात फुगतो. तरी मी हटणारा नाही. सागवान आहे मी, आणि काम अजून पुष्कळ शिल्लक आहे.

ती बघा तुमची बस वळणावर आली. पण जरा थांबा, हॉस्पिटलच्या फाटकातून कोणीतरी बाहेर पडतंय. पावलं जड पडताहेत, हातात कोणाचे तरी कपडे आहेत. पिशवी घ्या मांडीवर. सरका थोडं. बस काय, मागून दुसरी येईल.