अलासोची पात

नाचणी आणि रान-नाचणी वीतभर असतानाच वेगळी ओळखणारी बाई साऱ्या अकुबुई गावात एकच होती, आणि हे त्या बाईनं स्वतःच गावाला सांगून ठेवलं होतं. असेकेन्ये तिचं नाव. सात बाळंतपणं, दोन दुष्काळ आणि एक नवरा पचवलेली. चर्चच्या महिला मंडळाची ती एकोणीस वर्षं प्रमुख. अक्षरओळख स्वतःच्या नावापुरती, पण शाळा शिकलेल्या सुनाही तिच्यापुढं आवाज खाली ठेवून बोलत.

चर्चच्या मागं अर्धा एकर रान होतं. मंडळाच्या बायका त्यात दरवर्षी नाचणी पेरत आणि सुगीच्या रविवारी नवं धान्य वेदीपुढं ठेवत. त्या वर्षी खुरपणीच्या आदल्या रविवारी धर्मशिक्षक एजोकूनं येशूची निदणाची, म्हणजे गव्हात उगवणाऱ्या तणाची, गोष्ट सांगितली. उभा गहू त्या गावात कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून त्यानं गव्हाच्या जागी नाचणी घातली आणि निदणाच्या जागी रान-नाचणी. वैऱ्यानं येऊन ती पेरली, गडी उपटायला निघाले, तर मालक म्हणाला, राहू द्या, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.

"तो मालक कधी वाकला नसेल शेतात," बाहेर आल्या आल्या असेकेन्ये म्हणाली.

"आजी, गोष्ट माणसांची आहे," एजोकू म्हणाला.

"मीही माणसांचीच सांगतेय, बाळा. रान-नाचणी कापणीची वाट बघत नाही. तिचं बी आधीच गळतं. राहू द्या, राहू द्या करत बसलास तर पुढच्या वर्षी शेत तिचं आणि बांध तेवढा तुझा."

बायका खदखदून हसल्या. एजोकूही हसला. मग जरा अडखळत म्हणाला, "अलासोला यंदा खुरपायला एक पात द्या, आजी. दोनदा विचारून गेली."

हसणं थांबलं. अलासो म्हणजे ओताईची बायको. ओताईनं तीन वर्षांपूर्वी भावकीच्या भांडणात चुलत्याचं धान्याचं कोठार पेटवलं होतं आणि तो तुरुंगात होता. कोठाराची राख कधीच वाऱ्यावर गेली, पण धुराचा वास अलासोच्या अंगाला अजून येतो असं असेकेन्ये म्हणायची. तरी धर्मशिक्षकाचा शब्द सगळ्यांसमोर कसा मोडायचा?

"येऊ दे," ती म्हणाली. "माझ्या शेजारची पात देते. नजरेखाली राहील."

खुरपणीच्या दिवशी सोळा बायका ओळीनं बसल्या, प्रत्येकीला चार हात रुंदीची पात. असेकेन्ये नेहमीसारखी पुढं गेली. तिचा हात भराभर चालायचा. बघायचं, ओढायचं, मागं टाकायचं. अलासो मागं पडली. ती प्रत्येक रोपाच्या बुडाशी बोट घालून चाचपायची, मग ठरवायची.

"रोपं उपटतेस की त्यांची नाडी बघतेस?" असेकेन्येनं मागं वळून विचारलं.

बायका हसल्या. अलासोही थोडी हसली, मान खाली घालून.

दुपारी असेकेन्ये उठली, कंबर सरळ केली आणि अलासोच्या ढिगाशी आली. तिनं एक मूठ उचलली, डोळ्यांजवळ धरली. हिरवीगार, जाड पानांची रोपं. तिचं डोकं सणकलं.

"ही नाचणी आहे! बघा गं बायांनो, हिनं देवाची नाचणी उपटलीय. ढीगभर!"

"नाही, आई, रान-नाचणीच आहे ती," अलासो म्हणाली. "बुडाला बोट लावून बघा. चपटी लागते. आपली गोल असते."

त्या क्षणी असेकेन्येला रोप दिसलंच नाही. तिला फक्त ऐकू आलं की ओताईची बायको तिला नाचणी शिकवतेय.

"मी नाचणी ओळखायला लागले तेव्हा तुझी आई रांगत होती," ती म्हणाली. "नवऱ्यानं चुलत्याचं जाळलं, तू देवाचं उपटलंस. एका घरात राहून वेगळं काय होणार?" तिनं मूठ जावेपुढं धरली. "इचुलेट, तू सांग. काय आहे हे?"

इचुलेटनं रोप हातात घेतलं. तिचं बोट बुडाशी गेलं, तिथं थोडं थांबलं. मग तिनं असेकेन्येच्या तोंडाकडं पाहिलं.

"तुम्ही म्हणताय तर असेल, जाऊबाई," ती म्हणाली.

काम संपल्यावर चिंचेखाली अजोनचं, म्हणजे नाचणीच्या दारूचं, मडकं ठेवलं होतं. आंबवलेल्या नाचणीवर गरम पाणी ओतलं, भोवती बायका बसल्या, प्रत्येकीनं आपापली लांब नळी मडक्यात सोडली. एका मडक्यातून प्यायचं म्हणजे एकमेकींवर विश्वास टाकायचा. अलासोनंही नळी पुढं केली. असेकेन्येनं ती तिच्या हातातून घेतली, गुडघ्यावर ठेवून मोडली आणि दोन्ही तुकडे चुलीत टाकले. बाकीच्या आपापल्या नळ्या ओढत राहिल्या. अलासोनं खुरपं उचललं, सावलीत खेळणाऱ्या तीन वर्षांच्या लेकीला पाठीशी बांधलं आणि ती चालू लागली.

त्यानंतर तिला कुणी कामाला बोलावलं नाही आणि तिच्या शेतावर कुणी गेलं नाही. तिकडं शेतं पाळीपाळीनं, एकमेकींच्या हातांनी होतात. एकट्या बाईचं रान तण खाऊन टाकतं. महिन्याभरात ती तलावापलीकडं बहिणीच्या गावी निघून गेली. "बरं झालं, शेत स्वच्छ झालं," असेकेन्ये म्हणाली होती. म्हणाली होती, हे तिला पुढं नीट आठवत राहिलं.

तिकडं पेरणी मार्चमध्येच होते; जूनमध्ये कणसं बाहेर पडली. असेकेन्ये एका सकाळी चर्चमागं गेली आणि बांधावर उभी राहिली. मध्ये अलासोची पात होती, चार हात रुंद, बांधापासून बांधापर्यंत. तिच्यात एकजात भरलेली, मूठ वळल्यासारखी नाचणी होती. एक काडी वावगी नव्हती. आणि त्या पातीच्या डाव्या हाताला, असेकेन्येच्या स्वतःच्या पातीत, बारीक फाकलेल्या बोटांची रान-नाचणी वाऱ्यावर डुलत होती. काळं बी गळायला लागलंसुद्धा होतं. तिनं दोन्ही पातींतल्या रोपांच्या बुडाशी बोटं घातली. चपटी. गोल. गोल. चपटी. बोटांना सगळं कळत होतं. डोळ्यांपुढं मात्र धुकं होतं, आणि ते काही त्या सकाळचं नव्हतं.

बायकांनीही ते पाहिलं होतं. कापणीला सगळ्या तिच्या पातीत न बोलता शिरल्या आणि निवडू लागल्या. कुणीतरी टोमणा मारावा असं तिला फार वाटलं; टोमण्याला उत्तर देता आलं असतं.

"तुला कळलं होतं," तिनं इचुलेटला विचारलं.

"बोट लावताच."

"मग बोलली का नाहीस?"

"एकोणीस वर्षांत तुमच्यापुढं कोण बोललंय, जाऊबाई?"

दुसऱ्या दिवशी दोघी होडीनं तलाव ओलांडून गेल्या. अलासो बहिणीच्या अंगणात मासे वाळत घालत होती. तिनं दोघींना बसायला चटई दिली, पाणी दिलं, त्यांच्या घरच्यांची, गुरांची विचारपूस केली. सगळं रीतीप्रमाणं. असेकेन्येनं आणलेली कोंबडी तिनं घेतली आणि खुंट्याला बांधली.

"तुझी पात स्वच्छ निघाली," असेकेन्ये म्हणाली.

"हो का."

"घरी चल. तुझं रान आम्ही सगळ्या मिळून नांगरून देतो. तुला नवी नळी मी स्वतः कापून देते."

अलासो मासे उलटत राहिली. "इथं मला कुणाची बायको म्हणून ओळखत नाहीत, आई. इथं मी नुसती अलासो आहे. तिथं आले तर तुम्ही माफ केलेली बाई होईन मी. रोज कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत ते दिसेल."

"माफी तर मला हवीय, पोरी."

"माझा राग नाही." तिनं हात पुसले. "पण ओताई सुटला की त्या गावातच येईल. जाईल कुठं? माझं नाव तिथं धड करून ठेवा. तुम्ही माझ्याबद्दल जे म्हणालात ना, एका घरात राहून वेगळं काय होणार, ते सगळ्यांसमोर म्हणालात. सगळ्यांसमोरच परत घ्या. एवढंच करा."

"करते," असेकेन्ये म्हणाली. होडीत बसल्यावर तिनं ते वाक्य मनात चार वेळा जुळवलं. चारही वेळा ते तोंडात मावेना.

सुगीच्या रविवारी धान्य वेदीपुढं ठेवून झालं. एजोकूनं विचारलं, कुणाला देवापुढं साक्ष द्यायची आहे का. असेकेन्ये काठी टेकत उभी राहिली.

"यंदा माझ्या पातीत रान-नाचणी निघाली," ती म्हणाली. "माझे डोळे गेलेत. मला आता दिसत नाही. त्या दिवशी मी चुकले. मला माफ करा."

सगळीकडून हुंकार उठले. शेजारच्या बाईनं तिचा हात दाबला. मागून कुणी म्हणालं, "वयानं होतंच, आजी." एका सुनेनं डोळे पुसले. किती चटकन माफ केलं त्यांनी. म्हाताऱ्या डोळ्यांना माफ करायला कुणाचं काय जातं?

आणि तिथं उभी असतानाच तिला कळलं की ती खोटं बोलली. डोळ्यांचा त्यात दोष नव्हता. अलासोनं बोट लावून बघा म्हटलं होतं, आणि बोटं तिची शाबूत होती. तिनं लावली नाहीत. तिनं रोप पाहिलंच नव्हतं. तिनं ओताईची बायको पाहिली होती, आणि निकाल अलासो शेतात येण्याआधीच लावून ठेवला होता. हे सांगायचं राहिलं होतं. अलासोचं नाव तर तोंडातून निघालंसुद्धा नव्हतं.

"आणखी एक," ती म्हणाली.

पण ढोलावर थाप पडली होती. बायकांनी गाणं उचललं, टाळ्या सुरू झाल्या. इचुलेटनं वळून तिच्याकडं पाहिलं आणि वाट बघितली. असेकेन्येनं काठी घट्ट धरली. काठी एकदा जमिनीवर आपटली असती तर ढोल थांबला असता. तिच्यासाठी तो नेहमी थांबायचा.

गाण्याला पाच कडवी होती. ती पाचही कडवी उभी राहिली. मग सगळे बसले तेव्हा तीही बसली.