हनुवटीवरचं गोंदण

कोकिळा लग्न होऊन आली तेव्हा तिचा चेहरा पाहायला अख्खी आळी लोटली होती. दोन्ही भिवया सारख्या, नाक सरळ, ओठ रेखल्यासारखे. "कुठूनबी पाहा, खोट नाई," असं सासू देवकाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

चार वर्षांनी धाकटी जाऊ आली, सुलोचना. तिचा एक डोळा जरा बारीक, आणि हसली की तोंड डावीकडे झुकायचं. तिला पाहून कोकिळा निश्चिंत झाली. पण विहिरीवर बाया सुलोचनेभोवतीच जमू लागल्या. ती हसली की समोरचीही हसायची. देवकाबाईंचं ते जुनं बोलणंही कधी बंद झालं, कळलं नाही.

एक दिवस कोकिळेच्या लेकीनं, गुलाबनं, तोंड डावीकडे ओढून हसून दाखवलं. "पाह्य माय, काकूसारखी!"

कोकिळेनं तिच्या थोबाडीत मारली.

त्या वर्षी, त्रेपन्न साली, घरच्या बाया बैलगाडीनं गिरडच्या यात्रेला गेल्या. टेकडीखाली गोंदणारीण बसली होती. देवकाबाईंनी दोन्ही सुनांना हनुवटीवर एकेक ठिपका गोंदून घ्यायला बसवलं. कोकिळेचा अगदी मधोमध बसला. मग सुलोचना बसली. दुखतं म्हणून कोकिळेनं मागून तिचं डोकं धरलं, आणि सुई टेकताच हळूच फिरवलं.

"अवं, डोकं काऊन हालवलं?" गोंदणारीण ओरडली. "आता हे मिटत नाई!"

सुलोचनेच्या डोळ्यांत पाणी होतं. "मीच हालली," ती म्हणाली.

देवकाबाईंनी तिची हनुवटी वर करून पाहिली. "राहू दे. जिकडे हसते तिकडेच गेलं. गोड दिसते."

परतताना देवकाबाई पुढे गाडीवानाशी बोलत होत्या. मागं सुलोचना हलकेच म्हणाली, "जाऊबाई, हात तुमचा हालला. मले समजलं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमाले सगळे बोलले असते. अन् मले तुमच्याच संग राहा लागते."

ती भांडली असती तर कोकिळेला बरं वाटलं असतं. सुलोचनेच्या मांडीवर गुलाब झोपली होती. कोकिळेनं तिला ओढून आपल्याकडे घेतलं. पोर जागी झाली, रडू लागली, काकूकडे हात करू लागली. कोकिळेनं थोपटलं, दामटलं, पदराखाली घेतलं. रडणं थांबेना. शेवटी तिनं पोर परत दिली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.