कोरडा लंगोट

मी लंगोट बोलतोय. हो, तोच, ज्याचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात! माझा जन्म हिवरखेडचा. सहदेवआजोबांचं धोतर विरलं, तेव्हा मनकर्णाबाईंनी ते फाडून नातीसाठी आम्हा आठ भावांना घडवलं आणि अकोल्याला लेकाकडे आणलं.

तिथं डायपरचं राज्य. सुनेनं, मंजुषानं, आम्हाला हातही लावला नाही.

"आई, नळ आठ दिवसांनी येते. लंगोट धुवाले पानी कुठून आनू?"

"मंग पोरीले दिवसभर त्या पिशवीत कोंडून ठेवशीन का?"

सुनेचंही खोटं नव्हतं. पण कपाटात पडल्या पडल्या मी डायपरवर जळायचो.

मे महिन्यात पाच महिन्यांच्या आचलला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी ती मलूल झाली, तशा सासू-सुना तिला घेऊन दवाखान्यात धावल्या. मनकर्णाबाईंनी आम्हालाही पिशवीत कोंबलं.

"सकाळपासून लघवी किती वेळा झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

मंजुषानं डायपर चाचपला. तो जड होता. पण जुलाबानं की लघवीनं, ते कसं कळावं?

"डायपर काढा, साधं कापड बांधा. चमच्यानं ओआरएस पाजत राहा. दोन तासांत लघवी झाली नाही तर भरती करून सलाईन लावू."

पहिला भाऊ जुलाबानं भरला. मग माझी पाळी आली. मंजुषा चमचा चमचा पाजत होती. मनकर्णाबाईंचं बोट दर पाच मिनिटांनी मला चाचपायचं. कोरडा. पुन्हा कोरडा. आचल रडायची, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. दीड तास उलटला. सिस्टर सलाईनची बाटली टांगून गेल्या.

"आई, माह्यंच चुकलं," मंजुषा पुटपुटली.

"चूप! पाज तिले."

मला तेव्हा डायपरशी बरोबरी नको होती, मानपान नको होता. फक्त भिजायचं होतं.

आणि भिजलो! कोमट, चांगला चिंब!

"मुतली वो माय! पोरगी मुतली!" मनकर्णाबाई ओरडल्या. साऱ्या दवाखान्यानं ऐकलं. मंजुषा मला दोन्ही हातांत धरून डॉक्टरांकडे धावली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सिस्टरनं बाटली काढून ठेवली.

आता मी गच्चीवर दोरीवर वाळतोय. नळ आला की आम्ही, नाहीतर डायपर, असं घरात ठरलंय. पाणी नसेल तर तुम्हीही खुशाल डायपर बांधा, मी रुसणार नाही. पण लेकरू मलूल दिसलं तर आधी मला बांधा. मी ओला की कोरडा, ते मला लपवता येत नाही.