जिन्याखालच्या पहारेकऱ्याचा सूड

मी एक जुना संगणक आहे, ग्रंथालयाचा पहारेकरी. मित्रांनो, इथल्या कुठल्याही संगणकावर कुणी नाव आणि पासवर्ड घातला, की ते आधी माझ्याकडे येतं. मी ओळख पटवतो आणि वेळेचा शिक्का मारून पास देतो. माझा एक नेम आहे. समोरच्याच्या आणि माझ्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असेल, तर पास द्यायचा नाही. चोरलेला शिळा पास कुणी वापरू नये म्हणून.

आधीच्या ग्रंथपाल बाई रोज सकाळी मला पुसत, घड्याळ जुळवत. "अण्णा, झोप झाली का?" असं विचारत. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी साहेब आले. त्यांनी मला जिन्याखाली, झाडू-बादलीशेजारी लोटलं. माझं घड्याळ चालवणारा पोटातला छोटा सेल संपत आला होता. 'सेल बदला' असं मी रोज पडद्यावर लिही. ते न वाचताच पुसून टाकत.

"डबडं कुरकुरतंय. नव्या संगणकांनी नावं उतरवून घेतली, की भंगारात!"

मी गिळलं. विसरलो नाही.

नवे संगणक आले, वेगळ्या प्रणालीवर चालणारे. नावं मात्र अजून माझ्याकडेच होती, ती उद्घाटनानंतर उतरवून घ्यायची होती. ग्रंथालयातले जुने संगणक माझ्याकडून वेळ घेत. नवे बाहेरून, इंटरनेटवरून, अचूक. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वीज गेली, सेलही संपलेला, आणि माझं घड्याळ पाच मिनिटांहून कितीतरी मागे पडलं. जुने माझ्याबरोबर मागे आले, नवे पुढेच राहिले.

पाहुणे जमले. साहेबांच्या वरिष्ठ, मोठ्या मॅडमनी नव्या संगणकावर नाव घातलं. मी नकार दिला.

"अहो, हा मला ओळखत नाही!"

"पासवर्ड चुकला असेल, मॅडम."

"माझाच पासवर्ड मला शिकवताय?"

पाहुणे हसले. साहेबांनी मॅडमचा पासवर्ड बदलला, वायरी उपटल्या, पुन्हा खोचल्या. जुन्यांवर चालतंय, नव्यांवर नाही, म्हणून खोट नव्यांतच शोधत बसले. चिडून स्वतःचाच पासवर्ड इतक्यांदा चुकवला, की मी त्यांच्या खात्याला कुलूप घातलं. काय सांगू, काळजाला गारवा मिळाला!

पाहुणे कंटाळून गेले. दारात भंगारवाल्याची हातगाडी आली. तेव्हा कुठे साहेब मला ओढून काढायला जिन्याखाली वाकले. डोकं आपटलं, गुडघे टेकले, बाहीनं माझी धूळ पुसली. माझी रोजचीच ओळ पहिल्यांदा वाचली, माझी वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली.

"अरे देवा!"

धावत जाऊन त्यांनी सेल आणला. घड्याळ जुळलं आणि नवे संगणक धडाधड उघडले. साहेबांचं खातं तेवढं नाही. कुलपाची मुदत संपायची होती. नेम म्हणजे नेम.

"न्यायचं ना हे?" हातगाडीवाल्यानं विचारलं.

"आज नको," साहेब पुटपुटले.

'आज' म्हणाले, हे मी ऐकून ठेवलं आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यातलं कुणी रोज एकच गोष्ट सांगत असेल, तर वेळीच ऐका. आम्ही आरडाओरडा करत नाही. पाहुणे जमेपर्यंत थांबतो.